नमस्कारांचा नेम

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. मुलूख कमी पावसाचा आणि माळरानांचा. गावालगत एक उंच टेकडी असून तिच्या माथ्यावर यमाईदेवीचे देवालय आहे. देवीच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू टेकडी चढू लागला, की वाटेत त्याला एक वस्तुसंग्रहालय लागते. राजा रविवर्म्याची गाजलेली चित्रे तेथे आहेत, देशोदेशींच्या कलावंतांच्या मूर्ती आहेत. एवढ्याशा गावात हा ठेवा कसा आला, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. तो जमविला भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. ते औंध संस्थानचे अधिपती होते. १९३८ साली हे संग्रहालय त्यांनी उभे केले. परंतु महाराष्ट्रात घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते चित्रांमुळे नव्हे. ज्या गोष्टीला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही आणि फारशी जागाही लागत नाही, अशा एका साध्या गोष्टीमुळे ते पोहोचले. ती गोष्ट म्हणजे सूर्यनमस्कार.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. प्रतिनिधी हे मराठेशाहीतील फार मोठे पद. छत्रपती राजाराममहाराजांच्या कारकिर्दीत ते निर्माण झाले आणि पुढे औंधच्या या घराण्याकडे चालत आले. इंग्रजी अमलात मात्र त्या वैभवाचे अवशेष तेवढे उरले होते. औंध संस्थान लहान, अवघ्या बहात्तर गावांचे. तीही सलग नव्हेत, निरनिराळ्या भागांत विखुरलेली. बाळासाहेबांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. ची पदवी मिळविली. राजघराण्यातील मुलाने एवढे शिकणे ही त्या काळी थोडी अपूर्वाईच होती.

त्या काळी गावोगाव तालमी असत. जोर, बैठका, मलखांब, कुस्ती हे मुलांच्या नित्य परिचयाचे प्रकार होते. परंतु शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या मंडळींना लाल मातीचा हळूहळू विसर पडू लागला होता. खुर्चीवर बसून कामे करावयाची, टांग्यातून हिंडावयाचे आणि चाळिशी आली, की पाठीला हात लावून उठावयाचे, असा पुष्कळ पांढरपेशांचा क्रम झाला होता. बाळासाहेब तर राजपुत्र. पाणी हवे असेल तर ते आणून देणारा माणूस शेजारी उभा! अशा माणसाचे शरीर आळसावण्यास वेळ लागत नाही.

याच सुमारास युरोपात यूजेन सँडो या पहिलवानाची फार ख्याती झाली होती. लंडनच्या रंगभूमीवर तो आपल्या पीळदार देहाचे आणि शक्तीचे प्रयोग करून दाखवी. त्याने व्यायामाची एक पद्धत बसविली होती. तिच्यासाठी मुठीत दाबावयाच्या स्प्रिंगा बसविलेले डंबेल्स, ताणावयाचे रबरी पट्टे अशी साधने लागत. त्याची पुस्तके आणि साधने बोटींतून हिंदुस्थानातही येऊ लागली. १८९७ साली बाळासाहेबांनी ती मागविली आणि व्यायाम सुरू केला. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते.

अशा रीतीने सुरू झालेल्या व्यायामाचे पुढे काय होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. शाळेत जूनमध्ये व्यायामवर्ग सुरू होत, तेव्हा नाव नोंदविणाऱ्या मुलांची रांग मला आवरता येत नसे. कोणी नवी चड्डी शिवून आणी, कोणी वडिलांकडून मुद्गल मागून घेई. श्रावणाच्या झडी लागल्या, की ती रांग निम्म्यावर येई, आणि दिवाळीची सुटी संपल्यावर मैदानावर पाचसहा मुले उरत. ही मुले आळशी होती असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक कारण आहे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरात भराभर फरक पडतो. दहा जोर काढणारा मुलगा पंधरा, वीस काढू लागतो. आरशात पाहावेसे वाटते. पुढे ही वाढ मंदावते. अंग व्यायामाला सरावते, रोज नवे काही घडत नाही, आणि ज्या नवलाईच्या जोरावर आपण उठत होतो ती नवलाईच संपते. पांघरूण तेवढे उबदार राहते!

बाळासाहेबांनी मात्र सँडोचा व्यायाम एकदोन महिने नव्हे, सुमारे दहा वर्षे नेमाने केला. त्यांची छाती भरली, दंड पुष्ट झाले. म्हणजे चिकाटीचा गुण त्यांच्या अंगी आधीपासूनच होता. मग ज्या पद्धतीत दहा वर्षे घालविली, ती त्यांनी सोडली का?

त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळविले ते मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी. हे मिरजकर स्वतः नमस्कार घालीत आणि त्यांचा गुण त्यांनी अनुभवला होता. त्यांच्या सांगण्यावरून औंधच्या बाळासाहेबांनी १९०८ साली सूर्यनमस्कार घालण्यास आरंभ केला. नमस्कार ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हती. पुष्कळ घरांतून वडीलधारी माणसे स्नान झाल्यावर सूर्याला नमस्कार घालीत. पण त्यांच्याकडे लोक पाहत ते उपासना म्हणून. त्यात सर्वांगाला पुरणारा व्यायाम आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले होते. बाळासाहेबांच्या ते आले. स्नायू फुगविणे निराळे आणि पाठीचा कणा, पोट, फुप्फुसे यांना रोज चलन देणे निराळे, असा त्यांचा विचार झाला. त्यांनी पुढे जन्मभर नमस्कारांचाच व्यायाम केला. आरंभ केला तेव्हा त्यांच्या वयाला चाळीस वर्षे पुरी होत आली होती, हे विसरू नये. पुष्कळांचा व्यायाम ज्या वयात संपतो, त्या वयात त्यांचा खरा व्यायाम सुरू झाला.

औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था असत. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. मग गुडघे न वाकविता खाली वाकून तळहात जमिनीवर टेकावयाचे. एक पाय मागे न्यावयाचा, मान वर करावयाची. दुसराही पाय मागे नेऊन शरीर सरळ फळीसारखे धरावयाचे. नंतर साष्टांग: दोन्ही पायांचे अंगठे, दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात, छाती आणि कपाळ ही आठ अंगे भूमीला टेकतात, पोट मात्र टेकत नाही, ते आत ओढलेले असते. त्यानंतर छाती उचलून पाठीची कमान करावयाची, मग कंबर वर उचलून शरीराची दुसरी कमान करावयाची, आणि आलेल्या वाटेने पुन्हा उभे राहावयाचे. श्वास नाकानेच घ्यावयाचा आणि तो कोठे आत घ्यावयाचा, कोठे सोडावयाचा हेही ठरलेले. प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव घेतले जाते. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर ही ती बारा नावे.

या नावांचा मला एक उपयोग दिसतो. एकच क्रिया शंभर वेळा करावयाची म्हटली, की मनाला कंटाळा येतो. ते सारखे विचारू लागते, अजून किती राहिले? नावांच्या साखळीत गुंतलेल्या मनाला हा प्रश्न विचारण्याची उसंत मिळत नाही. मोजणी नावेच करतात. बारा नावे झाली, की एक फेरा पुरा झाला. बाळासाहेब स्वतः श्रद्धाळू होते. त्यांच्या दृष्टीने ती उपासना होतीच. पण ज्याला ती उपासना वाटत नाही त्यालाही या युक्तीची सोय कळावी.

जागा आपल्या उंचीपेक्षा थोडी अधिक लांब असली म्हणजे पुरे. डंबेल्स बरोबर नाहीत म्हणून आज राहिले, पाऊस आहे म्हणून मैदानावर जाता आले नाही, जोडीदार आला नाही म्हणून कुस्ती झाली नाही, अशा सबबींना नमस्कारात थारा नाही. व्यायाम मोडतो तो बहुधा अशा लहान लहान सबबींनीच मोडतो. आज एक, परवा दुसरी. मग सबबही लागत नाही. बाळासाहेबांनी वेळ ठरविली होती पहाटेची, दिवसाची कामे दाराशी येण्यापूर्वीची. उत्साह वाटतो की नाही हे त्या वेळी ते स्वतःला विचारीत नसावेत. दात घासताना आपण उत्साहाची वाट कोठे पाहतो?

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. व्यायाम त्यांनी एकट्यापुरता ठेवला नाही. राणीसाहेब नमस्कार घालीत, मुले घालीत. नमस्काराच्या अवस्था दाखविण्यासाठी राजकुटुंबातील माणसांची छायाचित्रे छापली गेली. स्त्रियांनी व्यायाम करावा, ही गोष्टच ज्या काळी पुष्कळांना विचित्र वाटे, त्या काळी ही घटना होती. एकाच घरात सारीजण उठून कामाला लागली, म्हणजे एखाद्याने अंथरुणात पडून राहणे फार अवघड होते. स्वतःचे मन ढिले पडले तर दुसऱ्याचे मन आपल्याला ओढून नेते.

१९०९ साली बाळासाहेब औंधच्या गादीवर आले. आता त्यांच्या मागे संस्थानचा पसारा लागला. आणि छंदही त्यांना कमी नव्हते! ते स्वतः चित्रे काढीत. रामायणातील प्रसंगांची चित्रे काढून त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगरखा-उपरणे घालून ते कीर्तनाला उभे राहत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील माळरान त्यांना दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. ते प्रचंड काम १९६६ साली पुरे झाले. ते पाहावयास बाळासाहेब नव्हते. वेदांचे थोर अभ्यासक पंडित सातवळेकर त्यांच्या आश्रयाने औंधात राहिले. तेही नमस्कारांचे पुरस्कर्ते. इतक्या नाना विषयांत रमणाऱ्या माणसाचे मन एका जागी टिकणे कठीण, असे आपल्याला वाटेल. पण हा पसारा वाढत असतानाही पहाटेचे नमस्कार चुकले नाहीत. त्यांची दैनंदिन संख्या शेकड्यांनी मोजावी लागे.

स्वतःला लाभलेली गोष्ट प्रजेलाही लाभावी, असे या राजाला वाटू लागले. संस्थान गरीब. शेतकऱ्याच्या मुलाला डंबेल्स कोण देणार आणि दुधातुपाचा खुराक तरी कोण देणार? नमस्काराला यांतले काहीच लागत नाही. म्हणून त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून मुलामुलींना रोज नमस्कार घालणे सक्तीचे केले. औंध संस्थानातील शाळांतून एका तालावर नमस्कार घालणाऱ्या मुलांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. प्रसिद्ध कवी ग. दि. माडगूळकर हे या औंधच्याच शाळेचे विद्यार्थी. बाळासाहेबांनी नमस्कारांवर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली. नमस्कार एकदम फार घालू नयेत, थोड्यांपासून आरंभ करून संख्या बेताबेताने वाढवावी, दम लागून थकवा येईपर्यंत शरीराला ताणू नये. मात्र खंड पडू देऊ नये, अशी त्यांची शिकवण होती. पहिल्याच दिवशी शंभर घालून दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसणाऱ्या वीरांसाठी ती फार उपयोगाची आहे.

सक्तीविषयी मात्र माझ्या मनात थोडी शंका आहे. राजाच्या हुकुमाने मुले रांगेत उभी राहतात, हे खरे. पण शाळा सुटल्यावर, परीक्षा संपल्यावर, हुकूम देणारा समोर नसताना त्यांतील किती जणांनी घरी नमस्कार घातले असतील? हुकुमाने सवयीचा आरंभ होतो. ती पुढे चालविणे ज्याचे त्यालाच करावे लागते. बाळासाहेबांना हुकूम करणारा कोणी नव्हता. त्यांच्यावर सक्ती होती ती त्यांची स्वतःचीच, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण त्यांच्या हुकुमापेक्षा मला मोठे वाटते.

नमस्कारांचा असा प्रसार होऊ लागला, तसे लोक हसूही लागले. जो माणूस एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतो, त्याची थट्टा होतेच. १९३३ साली आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आले. माणसांना लागणाऱ्या नाना तऱ्हेच्या वेडांची त्यात गमतीने खिल्ली उडविली आहे, आणि त्यातील रावबहादुरांना वेड आहे ते सूर्यनमस्कारांचे. नाटकगृहे हशाने दुमदुमली. नाटक आहेच तसे खुसखुशीत. तुम्ही मोठे झाल्यावर अवश्य वाचावे. पण थोडा विचार करा. आपण पंचवीस वर्षे मनापासून करीत आलो ती गोष्ट रंगमंचावर थट्टेचा विषय झालेली पाहून, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा तीच करणे सोपे नाही. अपयशाने व्यायाम सोडणारे थोडे; चार मित्रांनी हसल्यावर सोडणारेच पुष्कळ. बाळासाहेबांचे नमस्कार त्या हशानंतरही चालूच राहिले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९३६ साली, ते इंग्लंडला गेले. त्यांच्याबरोबर नमस्कारही विलायतेस गेले. लुईस मॉर्गन नावाच्या एक इंग्रज लेखिका लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्रात लिहीत असत. त्यांनी या राजाची भेट घेतली. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस वयाच्या मानाने इतका तरतरीत कसा, याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी नमस्कारांची माहिती करून घेतली आणि आपल्या वाचकांना ती सांगितली. त्यांनी संपादित केलेले बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सँडोची साधने बोटीने इकडे आली त्यास चाळीस वर्षे झाली होती. आता औंधचे नमस्कार बोटीने तिकडे पोहोचले. सँडो मात्र १९२५ सालीच वारला होता. तो बाळासाहेबांपेक्षा अवघ्या एका वर्षाने मोठा.

सत्तरी गाठलेल्या या राजाने आणखी एक धाडस केले. १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी औंधला नवी राज्यघटना दिली आणि आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांचा या कामी मोठा वाटा होता. आटपाडीजवळ त्याच वर्षी स्वतंत्रपूर ही वसाहत निघाली. तेथे कैद्यांना बेड्या नव्हत्या, भिंती नव्हत्या. ते शेती करून राहत. पुढे या प्रयोगावरून प्रेरणा घेऊन ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. सिंहासनावर बसून दुसऱ्यांवर सत्ता चालविण्याची सवय सोडणे हे काही लहान काम नव्हे. स्वतःवर सत्ता चालविण्याचा तीस वर्षांचा सराव या वेळी त्यांच्या उपयोगी पडला असेल, असे मला वाटते.

१९४८ साली औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शाळांतील नमस्कारांचा हुकूम संस्थानाबरोबर संपला. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. औंधच्या टेकडीवरील संग्रहालय आजही पाहावयास मिळते. सूर्यनमस्कार तर औंधची वेस ओलांडून केव्हाच देशोदेशी गेले आहेत. ज्यांनी औंधचे नावही ऐकलेले नाही अशी माणसे पहाटे खोलीत सतरंजी पसरून ते घालीत असतात.